कचऱ्याच्या डब्यांसाठी अंगणात लाकडी पेटी: प्लाय की फळी, आणि त्याआधीचे प्रश्न

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कुडाळजवळ गावच्या घरी आई-बाबा दोघंच असतात, तुम्ही मुंबईला. बेड्याजवळ (अंगणाच्या फाटकाजवळ) ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे दोन डबे ठेवलेले आहेत. रात्री कुत्री ते आडवे करतात, दिवसा माकडं झाकणं उडवतात, पावसात डब्यात पाणी साचतं आणि अळ्या होतात. कचऱ्याची गाडी दोन-तीन दिवसांआड येते. मे महिन्याच्या सुट्टीत लाकडी पेटी बनवून द्यायचा तुमचा विचार आहे. १८ मिमीचा मरीन प्लाय घ्यावा की सागवान, वरून काय लावावं आणि पेटी किती वर्षं टिकेल, हे तुम्ही विचारलंय.

मी सिंधुदुर्गातच सुतारकाम करतो. त्यातही बरंचसं काम उघड्यावर राहणारं: बेडी, झोपाळे, विहिरीवरची झाकणं, आणि अशा पेट्याही. म्हणून आधी स्पष्ट सांगतो, लाकूड कोणतं हा प्रश्न तिसरा आहे. पेटीतलं पाणी बाहेर कसं जाणार हा पहिला, आणि तिच्यात नेमका कोणता कचरा जाणार हा दुसरा. हे दोन सुटले तर फणसाची फळीसुद्धा वर्षानुवर्षं टिकते. ते सोडून दिले तर महागातलं सागवानही चार पावसाळ्यांत खालून मऊ पडतं.

पाण्याचं आधी घेऊ. लाकूड भिजलं म्हणून कुजत नाही, भिजलेलं राहिलं म्हणून कुजतं. कुजवणाऱ्या बुरशीला लाकडात साधारण २० टक्क्यांच्या वर ओल लागते, त्याखाली तिची वाढ थांबते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही वाऱ्याबरोबर आडवा. एवढ्या पावसात लाकूड कोरडं ठेवणं कोणाच्या हातात नाही. उघडीप मिळाली की ते लवकर सुकावं, एवढं मात्र आपल्याला करता येतं. त्यामुळे चारी बाजूंनी घट्ट बंद, खाली तळ, वर सपाट झाकण अशी कपाटासारखी पेटी माझ्या मते इथे चुकीची ठरते. आत वाफ कोंडते, कचऱ्याचा दमटपणा त्यात मिसळतो आणि लाकूड आतून आधी जातं. बाहेरून चकचकीत दिसत असल्यामुळे ते कळतही नाही.

तुमच्या मरीन प्लायचं उत्तर इथेच आहे. आय.एस. ७१० या भारतीय मानकाचा खरा मरीन प्लाय चांगला माल असतो. त्याचा डिंक पाण्यात सुटत नाही, आणि पापुद्र्यांवर कीड-बुरशीविरोधी प्रक्रियाही केलेली असते. पण कापलेल्या कडा उघड्या राहतात, त्या पाणी पितात, आणि उन्हात वरच्या पापुद्र्याला बारीक चिरा जातात. शिवाय प्लायच्या कडेत घुसवलेला स्क्रू फळीतल्या स्क्रूइतकी पकड धरत नाही, त्यामुळे बिजागरी सर्वात आधी तिथेच ढिली होते. पडवीत, पत्र्याच्या छपराखाली किंवा शहरातल्या पार्किंगमध्ये पेटी ठेवायची असती तर मी तुम्हाला प्लायच सांगितला असता. काम झटपट होतं, सरळ होतं. उघड्या बेड्याजवळ मात्र फळ्या-पट्ट्यांची पेटीच करा.

आता कचऱ्याचं. २०१६ च्या घनकचरा नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असं वर्गीकरण घरातच करायला सांगितलं होतं. तुमच्याकडे अंगण आहे, माड असतील, दोन-चार पोफळी असतील. मग भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा गाडीची वाट का बघतात? हे सगळं माडाच्या आळ्यात (बुंध्याभोवतीच्या खळग्यात) किंवा खतखड्ड्यात जाऊ द्या, वर पातेरा (वाळका पाला) टाका. खरी घाण मासळीची असते. खवले, आतडी, कोळंबीची सालं डब्यात दोन दिवस राहिली की माकडं-कुत्री सोडा, शेजारीही तक्रार करतात. उष्ण दमट हवेत माशीच्या अंड्यातून अळी एका दिवसात बाहेर येते, आणि आठवडा-दहा दिवसांत तिची नवी माशी होते. कितीही चांगली पेटी केली तरी हे चक्र तिच्यामुळे थांबणार नाही. मासळीची घाण जमिनीत दीड फूट खोल पुरावी आणि वर दगड ठेवावा. पावसात खणणं आई-बाबांना जमणार नसेल तर पिशवीत बांधून फ्रीजरच्या एका कोपऱ्यात ठेवावी आणि गाडी यायच्या दिवशी सकाळी बाहेर काढावी. हे ऐकून बऱ्याच जणांना कसंसं होतं. पण तीच कोळंबी तासाभरापूर्वी त्याच फ्रीजमध्ये होती, हे लक्षात घ्या.

एवढं केलं की पेटीत उरतो मुख्यतः सुका कचरा: दुधाच्या पिशव्या, बाटल्या, पुठ्ठे. त्यासाठी एक मोठा डबा, उरलेल्या ओल्यासाठी एक झाकणाची बादली, आणि औषधांची पाकिटं, डायपर, फुटलेली काच यांसाठी तिसरा छोटा डबा. कचरा नेहमी डब्यातच असेल आणि डब्यांना स्वतःची झाकणं असतील. पेटी हे डब्यांचं घर आहे, कचरा सुटा तिच्यात कधीच पडता कामा नये.

माप घेताना डबे आधी विकत आणा आणि मग पेटी आखा, उलट करू नका. डब्याची उंची झाकण उघडून मोजा. तिन्ही डबे शेजारी ठेवून प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना दोन बोटं जागा सोडा. अशा तीन डब्यांसाठी मी सहसा ४ फूट लांब, २ फूट खोल, मागे साडेतीन फूट आणि पुढे ३ फूट २ इंच उंच अशी पेटी करतो. मागून पुढे ४ इंचांचा ढाळ मिळतो. याहून कमी ढाळ आपल्या पावसाला पुरत नाही.

जागा निवडताना नैऋत्य दिशा बघा. पावसाळी वारा तिकडून येतो, तेव्हा पेटीची पाठ तिकडे आणि दारं विरुद्ध बाजूला. गडग्याला (दगडी कुंपणाला) टेकवून ठेवायची असेल तर मागे वीतभर मोकळी जागा सोडा, नाहीतर मागची बाजू चार महिने शेवाळातच राहते. विहिरीपासून लांब हे तर सांगायला नको. दुपारचं ऊन थेट येणार नाही असं झाड असेल तर उत्तम, फक्त ते झाड माडाचं नको.

पेटीला लाकडी तळ करू नका. डब्यातून सांडणारं आंबट, चिकट पाणी लाकडाच्या तळात मुरलं की वास कायमचा राहतो. त्याऐवजी ५ फूट बाय ३ फुटांचा सिमेंटचा कोबा घाला, पुढच्या बाजूला इंचभर उतार द्या, आणि आठवडाभर त्यावर पाणी मारून तो पिकू द्या. डबे थेट कोब्यावर राहतील, बादलीभर पाणी टाकलं की सगळं धुऊन पुढे निघेल. घुशी खालून उकरून येतात, त्यांनाही कोबा अडवतो. चिऱ्याचे (जांभा दगडाचे) तुकडे आयते पडलेले असतात म्हणून लोक त्यांवरच पेटीचे पाय उभे करतात. जांभा पाणी शोषतो आणि ते लाकडाला देत राहतो, म्हणून ते टाळा. प्रत्येक पायाखाली कडाप्प्याचा किंवा ग्रॅनाइटचा तुकडा सिमेंटमध्ये बसवा, कोब्यापासून दोन इंच वर येईल असा. या दोन इंचांचा आणखी एक उपयोग आहे. वाळवी मातीची नळी करून वर चढते, आणि मोकळ्या दगडावर ती नळी लगेच दिसते. दिसली की खरवडून टाकायची.

पायाच्या खालच्या टोकाबद्दल जरा जास्त सांगतो, कारण पेटी जाते ती इथूनच. लाकडाच्या उभ्या नसा म्हणजे बारीक नळ्या असतात, आणि कापलेल्या टोकातून त्या दिव्याच्या वातीसारखं पाणी वर ओढतात. फळीच्या अंगातून जितकं पाणी शिरतं त्याच्या कितीतरी पट या टोकातून शिरतं. म्हणून चारही पाय जोडण्याआधी त्यांची खालची टोकं एका डब्यात तेल घेऊन रात्रभर उभी बुडवून ठेवा. मी यासाठी काजूच्या टरफलांचं तेल वापरतो. आपल्याकडे होड्यांना ते लावत आलेत, वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. हातमोजे घातल्याशिवाय मात्र त्याला हात लावू नका, कातडी भाजते. आई-बाबांचा हात जिथे रोज लागेल त्या झाकणाला, दारांना आणि वरच्या पट्ट्यांना हे तेल नकोच.

आता लाकूड. गावात एखादं जुनं कौलारू घर उतरवत असतील तर आधी तिथे जा. जुने वासे, आडवे बार, रिपा (कौलांखालच्या बारीक पट्ट्या) यांत आईन, किंजळ, सागवान असं पक्कं लाकूड निघतं आणि ते कित्येक वर्षं सुकलेलं असतं. खिळे काढून, वाळवीने पोखरलेला भाग छाटून ते सॉमिलवर चिरून घ्या. खिळे राहिले असतील तर सॉमिलवाला पातं खराब होईल म्हणून हात लावणार नाही, हे लक्षात ठेवा. ते मिळालं नाही तर माझी दुसरी पसंती फणस. त्याचा पिवळा गाभा टिकाऊ असतो, वाळवीला सहसा दाद देत नाही. पांढरा भाग मात्र पूर्ण काढून टाका. सागवानाचंही तसंच आहे: हल्ली लवकर तोडलेल्या लागवडीच्या सागात पांढरा भाग पुष्कळ येतो, आणि 'सागवान आहे' एवढ्यावर लोक पैसे मोजतात. असा साग घेण्यापेक्षा गाभ्याचा फणस बरा. आंबा उघड्यावर वापरू नका. पॅकिंगचं पाइनही, प्रक्रिया केलेलं नसेल तर, नको.

किती लाकूड लागेल याचा हिशेब असा: चार बाजूंचं क्षेत्रफळ साधारण ३८ चौरस फूट. पाऊण इंची फळीने त्याचे सव्वादोन ते अडीच घनफूट होतात. चौकटीला २ बाय २ इंचाची सुमारे ४५ फूट पट्टी, म्हणजे सव्वा घनफूट. घट धरून सव्वाचार घनफूट मागा. दर गावागावाला आणि महिन्यामहिन्याला बदलतो, म्हणून आकडा सांगत नाही. या मापावरून सॉमिलवर विचारा.

फळ्या आडव्या लावा, चार इंच रुंदीच्या. फट किती ठेवायची हे लाकूड किती सुकलंय आणि कोणत्या महिन्यात काम चाललंय त्यावर आहे. सहा इंची सागवानी फळी मे ते ऑगस्टमध्ये रुंदीला दीड-दोन मिलिमीटर फुगते, चार इंची त्याच प्रमाणात कमी. तुम्ही मेमध्ये करताय, म्हणजे फळी पावसाळ्याच्या मानाने आक्रसलेली असेल. तेव्हा पाच मिलिमीटर फट ठेवा, पावसाळ्यात ती चारच्या आसपास येईल. फळ्या एकमेकींना चिकटवून ठोकल्या तर जुलैमध्ये त्या एकमेकींना ढकलतात आणि चौकटच वाकडी होते. ताजं कापलेलं ओलं लाकूड असेल तर मेमध्ये पेटी करू नका. रिपा मध्ये घालून सावलीत थप्पी लावून ठेवा आणि दिवाळीनंतर या.

पाच मिलिमीटरच्या फटीतून उंदीर येत नाही. बोटभर जाडीच्या भोकातून मात्र मोठा उंदीर सहज शिरतो, आणि छोट्याला त्याहून कमी पुरतं. म्हणून खाली पायांमध्ये जी दोन इंचांची मोकळी जागा राहते, तिथे ६ मिमीची वेल्डेड जाळी आतून मारून घ्या. मागच्या बाजूला अगदी वर, झाकणाच्या आडोशाला, तीन इंचांची पट्टी उघडी सोडून तिलाही तीच जाळी. खालून हवा येते, वरून जाते. चिलटं-माशा या जाळीने थांबत नाहीत, ते काम डब्याच्या झाकणाचं.

झाकणाबाबत आई-बाबांचा विचार आधी करा. ४ बाय २ फुटांचं प्लायचं अखंड झाकण नऊ-दहा किलो भरतं. कमरेच्या वर हात नेऊन, छत्री सांभाळत ते उचलायचं म्हणजे रोजची शिक्षा. झाकणाचे दोन भाग करा. प्रत्येकाला २ बाय १ इंच पट्टीची हलकी चौकट आणि वर कलर कोटेड पत्रा. पत्रा पुढे आणि बाजूंना दोन-दोन इंच बाहेर काढा आणि त्याची कड खाली मुडपून घ्या, म्हणजे पागोळी फळीवर न येता मोकळी पडेल आणि हातही कापणार नाही. दोन भागांच्या मधल्या सांध्यावर एका भागाची पत्र्याची पट्टी दुसऱ्यावर चढवा. मागे बिजागरीच्या रेषेतून पाणी शिरतं, तिथे जुन्या ट्रकच्या ट्यूबची चार इंची पट्टी कापून पेटीपासून झाकणावर घ्या. रबर वाकतं, झाकण उघडतं, आणि पाणी आत येत नाही. झाकण उलटं पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना साखळी हवी, आणि ते उभ्या रेषेच्या थोडं मागे जाऊन थांबलं पाहिजे. नाहीतर वाऱ्याच्या झोताने ते मनगटावर आपटेल. झाकण उचलून धरणारे गॅसचे दांडे शोरूममध्ये छान दिसतात, खाऱ्या दमट हवेत मी ते बसवत नाही.

वरच्या झाकणातून रोज कचरा टाकायचा, आणि गाडीच्या दिवशी डबे पुढच्या दारातून बाहेर ओढायचे. साडेतीन फुटांवरून भरलेला डबा उचलून काढायला लावणं चूक आहे. म्हणून पुढे दोन दारं. दाराच्या मागे तिरकी पट्टी मारताना तिची दिशा बघा: खालच्या बिजागरीपासून सुरू होऊन वर कडीच्या बाजूला गेली पाहिजे. मग दाराचं वजन पट्टीवरून बिजागरीकडे उतरतं. उलटी मारली तर लाकडी पट्टीचे सांधे ओढले जातात आणि दार वर्षभरात जमिनीला घासायला लागतं.

स्क्रू आणि बिजागऱ्या स्टेनलेसच्या घ्या, कुडाळला ३०४ दर्जा पुरतो. मालवण-वेंगुर्ल्यासारखं समुद्राच्या तोंडावरचं घर असतं तर ३१६ सांगितला असता. लोखंडी खिळा ओल्या लाकडात काळा डाग तर पाडतोच, शिवाय गंजून फुगतो आणि फळी चिरतो. कडी-कोयंडा माकडं बघून बघून उघडायला शिकतात. कोयंड्यात साखळीचा स्प्रिंगवाला हूक अडकवा. तो आधी दाबायचा आणि मग काढायचा, अशा दोन हालचाली लागतात. मात्र आईंच्या बोटांना तो दाबता येतो का, हे दुकानातच तपासा. संधिवात असेल तर लाकडी खुंटी बरी, दोरीने पेटीला बांधलेली.

वरून काय लावायचं? मी पेटीला ऑइल पेंट किंवा जाड थराचं पॉलिश देत नाही. थर दिसायला सुंदर असतो, पण एका चिरेतून पाणी आत गेलं की थराखाली अडकतं आणि पापुद्रे सुटतात. मग सगळं खरवडल्याशिवाय दुसरा हात देता येत नाही. उकळलेलं जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन समप्रमाणात घेऊन पहिला हात, तो पूर्ण मुरला की जास्त तेलाचे आणखी दोन हात, प्रत्येक वेळी वर राहिलेलं तेल फडक्याने पुसून. फळीच्या दोन्ही बाजूंना आणि चारही कडांना, आणि तेही फळ्या जोडण्याआधी. फक्त बाहेरून लावलं तर फळी एका बाजूने ओल घेते आणि पन्हळीसारखी वाकते. या तेलाला पावसात काळपट बुरशी धरते, हे मान्य. ती वरवरची असते. ऑक्टोबरमध्ये ब्रशने घासून धुवा, सुकवा आणि एक हात द्या. दुसरा हात मे महिन्यात. एवढी देखभाल कोणी करणार नसेल तर तेल विसरा आणि बाहेरच्या कामासाठीचा, लाकडात मुरणारा वुड स्टेन घ्या. तो महाग पडतो, पण दोन हातांमधला काळ वाढतो.

तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं, आणि बोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. फडकी दोरीवर पसरून सुकवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा. हे मी शिकाऊ पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो.

किती वर्षं टिकेल? पाय दगडावर, गाभ्याचं लाकूड आणि वर्षाला दोन हात तेल, हे सांभाळलं तर दहा वर्षं मी निर्धास्त धरतो. त्यातही झाकणाची ट्यूब आणि एखादी खालची फळी मधे बदलावी लागेल. म्हणून सगळं स्क्रूने जोडा, फळ्यांना फेव्हिकॉल नको.

आणि एक पर्याय मोकळेपणाने मांडतो. तुमच्याकडे माकडांची टोळी रोज येत असेल, झाकणावर नाचत असेल, तर तिन्ही बाजू चिऱ्याच्या बांधून घ्या, आतून सिमेंटचा गिलावा, आणि फक्त दारं व झाकण लाकडी ठेवा. गवंड्याचं थोडंसंच काम आहे, लाकूड निम्म्याहून कमी लागतं, आणि कुत्र्यांच्या धक्क्याने काही हलत नाही. जागा कायमची ठरते, एवढाच त्यातला तोटा. बेड्याची जागा बदलायची नसेल तर हेच करा असं मी म्हणेन.

दोन्हींपैकी काहीही ठरवलंत तरी लाकूड कापण्याआधी एक काम करा. डबे ठरलेल्या जागी मांडा, एका काठीवर ३ फूट २ इंचांची खूण करून ती पुढे उभी धरा, आणि आईंना तिच्यावरून हात घालून आतल्या डब्याचं झाकण उघडायला सांगा. हात पोचत नसेल तर पुढची उंची कमी करा आणि त्या मापाचे बुटके डबे आणा.